ब्लूग्रास संगीताचा जनक : बिल मन्रो

लोकसंगीत कोणा एकाचे नसते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जात्यावरची ओवी प्रथम कोणत्या बाईने म्हटली, किंवा भलरीची चाल कोणत्या शेतकऱ्यास सुचली, हे आपण विचारीत नाही. विचारले तरी सांगणारा कोणी नसतो. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या मुखांतून जे आले ते लोकांचे, असा ह्या शब्दाचा अर्थ आपण घेतो, आणि तो बहुतांशी बरोबरही आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘ब्लूग्रास’ नावाचा एक संगीतप्रकार असा आहे की, ऐकणाऱ्यास तो तेथील डोंगरांइतका पुरातन वाटतो, आणि तरीही त्याचा जनक, त्याची जन्मभूमी व त्याचा जन्मकाळ ही तिन्ही निश्चित सांगता येतात. इतकेच नव्हे, तर ज्या नावाने तो आज ओळखला जातो ते नाव एका पगारी वाद्यवृंदाचे होते, आणि त्या वृंदाचा मालक १९९६ सालापर्यंत हयात होता. त्याचे नाव बिल मन्रो. एका मनुष्याने उभारलेली वस्तू ‘परंपरा’ केव्हा ठरते, आणि ती तशी ठरण्यासाठी त्या मनुष्यास काय सोडावे लागते, हा प्रश्न त्याच्या चरित्राने जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्राने होत असेल. म्हणून त्या चरित्राचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्यम स्मिथ मन्रो ह्याचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकी संस्थानातील रोझीन ह्या खेड्यानजीकच्या शेतावर झाला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. डोळे तिरळे व दृष्टी मंद, त्यामुळे परके लोक घरी आले की थट्टेच्या भयाने हा मुलगा लपून बसे. ज्याला नीट दिसत नाही त्याचा कान अधिक तीक्ष्ण होतो असे म्हणतात. ते सर्वत्र खरे असो वा नसो, मन्रोच्या बाबतीत खरे ठरले. घरात गाणेबजावणे होते. आई मॅलिसा ही फिडल, म्हणजे तिकडील खेडवळ पद्धतीने वाजविले जाणारे व्हायोलिन, वाजवी. तिला अकॉर्डियनही येत असे. थोरल्या भावांपैकी बर्चने फिडल घेतले, चार्लीने गिटार घेतली, आणि धाकट्याच्या वाट्यास कोणासच नको असलेले मँडोलिन आले. ह्या वाद्यास तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात. त्यांपैकी चार काढून टाकाव्यात म्हणजे पोराचा फार आवाज होणार नाही, असे भावांनी बजावले. पुढे ज्या वाद्याने शेकडो श्रोत्यांच्या सभा हालवून सोडल्या, ते त्याच्या हाती आले ते असे अर्धेमुर्धे.

आई १९२१ साली वारली व वडील १९२८ साली गेले. मोठी भावंडे कामधंद्यासाठी उत्तरेस निघून गेली होती. सोळा वर्षांचा बिल आपला मामा पेंडल्टन व्हॅन्डिव्हर ह्याच्या झोपडीत राहावयास गेला. हा मामा पायाने अधू, परंतु पंचक्रोशीत फिडलवादक म्हणून नावाजलेला. शनिवारी रात्री कोठे नाच असला की मामा फिडल वाजवावयास जाई व भाचा त्याच्या साथीस असे. पायांचे ठेके चुकू न देणे, आणि धून कितीही वेळा फिरून आली तरी तिची धार बोथट होऊ न देणे, ही विद्या मन्रोने येथे मिळविली. ह्या मामाचे ऋण त्याने कधीही लपविले नाही. १९५० साली त्याच्याच नावाने रचलेले ‘अंकल पेन’ हे गीत त्याने ध्वनिमुद्रित केले, आणि पुढे रोझीनच्या स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर शिलाही उभारली.

दुसरे ऋण मात्र अधिक विचार करावयास लावणारे आहे. त्या भागात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक नीग्रो वादक होता. कोळशाच्या खाणीत राबावे आणि सुटीच्या वेळी गिटार व फिडल वाजवीत गावोगाव हिंडावे, असा त्याचा क्रम असे. वर्णभेदाच्या भिंती त्या काळी किती उंच होत्या हे वाचकांस सांगावयास नको. तथापि नाचाच्या बैठकीत गोऱ्या लोकांसही हा वादक हवा असे. पैसे मिळवून आपण प्रथम वाजविले ते शुल्ट्झच्या जोडीने, असे मन्रो स्वतःच सांगत असे. त्याच्या सुरांतील ‘ब्लूज’चा, म्हणजे नीग्रो लोकांच्या त्या आर्त, किंचित खाली ओढलेल्या स्वरांचा, जो पाझर आहे त्याचा एक उगम येथे आहे. शुल्ट्झ १९३१ साली, पंचेचाळिशीच्या सुमारास मरण पावला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही.

१९२९ साली मन्रो भावांच्या मागोमाग शिकागोलगतच्या इंडियाना संस्थानात गेला आणि सिंक्लेअर कंपनीच्या तेलशुद्धीच्या कारखान्यात पिंपे हाताळण्याचे काम करू लागला. थोड्याच अवधीत जगभर आर्थिक मंदी पसरली. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून कारखान्यांकडे आलेले हजारो मजूर त्या परक्या शहरांत गावाकडच्या गाण्यासाठी आसुसलेले असत, आणि नभोवाणीने त्यांची ही भूक नेमकी ओळखली होती. मन्रो बंधू प्रथम शिकागो येथील नभोवाणीच्या जलशात नाचणारे म्हणून शिरले; १९३४ पासून चार्ली व बिल ह्या दोघांनी गायनवादन हाच व्यवसाय पत्करला. त्यांचा आश्रयदाता कोण, तर एका सारक क्षाराची विक्री करणारी कंपनी! कोठा साफ करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीमागोमाग भक्तिगीते ऐकवावयाची, हा प्रकार आज हास्यास्पद वाटेल. परंतु राजेरजवाड्यांच्या अभावी कलेला जो पोशिंदा मिळाला तो हा असा होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये शार्लट गावी त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, आणि दोन वर्षांत दोघांची साठ गीते मुद्रित झाली. मँडोलिन हे तोवर संथ साथीचे वाद्य. बिलच्या हाती ते फिडलच्या वेगाने धावू लागले. भाऊ मात्र एकमेकांशी भांडत, आणि ती भांडणे कित्येकदा हातघाईवरही येत. १९३८ साली ते विभक्त झाले.

येथून बिल मन्रोचे खरे कार्य सुरू होते. त्याने स्वतःचा वृंद जमविला व आपल्या जन्मभूमीच्या टोपणनावावरून त्यास ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव ठेविले. केंटकीतील कुरणांच्या गवतावर निळसर झाक असते, म्हणून त्या संस्थानास हे टोपणनाव पडले आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या नभोवाणीच्या जलशात त्याचा प्रवेश झाला. १९२५ साली सुरू झालेला हा जलसा एका विमा कंपनीच्या प्रक्षेपणकेंद्रातून दर शनिवारी रात्री होई, आणि पन्नास हजार वॉटच्या त्या केंद्राचा आवाज रात्रीच्या वेळी अर्ध्या अमेरिकेत ऐकू जाई. जिमी रॉजर्स ह्या प्रख्यात गायकाचे खेचरे हाकणाऱ्याचे एक गीत मन्रोने तेथे गायिले. चाल तीच, परंतु लय इतकी चढी आणि स्वर इतका उंच की श्रोते चकित झाले.

ह्या नव्या संगीताचे रहस्य कशात होते, हे थोडक्यात पाहू. पहिली गोष्ट लयीची. मन्रो मँडोलिनच्या तारांवर हलक्या मात्रेच्या जागी एक तुटक, कोरडा आघात करी. जड मात्रा उभ्या मोठ्या तंतुवाद्याने धरावयाची आणि हलकी मात्रा ह्याने छाटावयाची. त्यामुळे ढोलावाचूनच ढोलाचे काम होई, आणि सगळा वृंद कोणी पाठीमागून लोटीत असल्यासारखा पुढे धावे. दुसरी गोष्ट पट्टीची. इतर गवई ज्या पट्टीत आरामात गात तिच्याहून वरची पट्टी तो मुद्दाम घेई. गळा ताणाच्या शिखरावर असताना जो एकाकी, कातर स्वर उमटे तोच ह्या गायकीचा प्राण ठरला. तिसरी गोष्ट वाद्यांच्या पाळीची. एका वाद्याने धून उचलावी, इतरांनी मागे सरून साथ द्यावी, मग दुसऱ्याने पुढे यावे, ही रीत जुन्या खेडवळ संगीतात अशी रूढ नव्हती, जॅझमध्ये होती. चौथी गोष्ट चर्चमधील तीन-चार आवाजांच्या एकत्र गायनाची. म्हणजे घटक सारे जुने व ओळखीचे: स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वसाहतवाल्यांचे फिडल, आफ्रिकेतून आणिलेल्या गुलामांच्या वाद्यापासून घडलेले बँजो, इटलीचे मँडोलिन, नीग्रोंचे ब्लूज, खेड्यातील देवळाची गीते. त्यांस एका शिस्तीत बसविणारी बुद्धी मात्र एकाची होती.

तथापि ही घडण एका दिवसात पुरी झाली असे कोणी समजू नये. १९४६ पर्यंत ह्या वृंदात सॅली ॲन फॉरेस्टर ही स्त्री अकॉर्डियन वाजवीत असे. आज एखाद्या शुद्धतावाद्याने ब्लूग्रासमध्ये अकॉर्डियन पाहिले तर तो कानांवर हात ठेवील. पण जनकाने ते वर्ज्य मानले नव्हते. पूर्ण रूप लाभले ते डिसेंबर १९४५ मध्ये, उत्तर कॅरोलायनातील अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा तरुण बँजो घेऊन आला तेव्हा. बँजो तोवर बहुधा विदूषकाच्या हातचे वाद्य समजले जाई. स्क्रग्जने अंगठा व दोन बोटे ह्यांच्या अखंड फिरत्या क्रमाने त्यातून सुरांचा असा झरा सोडला की ऑप्रीतील श्रोते टाळ्या थांबवीनात. लेस्टर फ्लॅट हा गिटार व गायनास होता, चबी वाइज फिडलवर, हॉवर्ड वॉट्स उभ्या वाद्यावर. सप्टेंबर १९४६ व ऑक्टोबर १९४७ अशा दोन खेपांस ह्या पाच जणांनी कोलंबिया कंपनीसाठी एकंदर अठ्ठावीस गीते मुद्रित केली. ब्लूग्रास म्हणजे काय असे कोणी विचारल्यास ह्या अठ्ठावीस गीतांकडे बोट दाखविता येते.

आणि येथेच मन्रोच्या दुःखाचाही आरंभ आहे. १९४८ च्या प्रारंभी स्क्रग्ज व त्यामागोमाग फ्लॅट नोकरी सोडून गेले व दोघांनी मिळून आपला स्वतंत्र वृंद काढला. त्याच सुमारास व्हर्जिनियातील स्टॅन्ली बंधूंनी, मन्रोने मुद्रित केलेले परंतु अद्याप बाजारात न आलेले घोड्यांच्या शर्यतीचे एक गीत, सभेत ऐकून उचलले, आणि त्याच्याआधी आपली तबकडी विकावयास काढली. पुढे कोलंबियाने स्टॅन्ली बंधूंस करारबद्ध करताच मन्रोने त्या कंपनीशी संबंध तोडला. आपला माल चोरीस गेला अशी त्याची भावना झाली. आपल्याकडील घराण्यांशी ताडून पाहिल्यास ह्या भावनेचे मर्म कळते. आपल्याकडे गंडा बांधलेला शागीर्द गुरूची गायकी गातो तेव्हा त्यात गुरूचे भूषण मानले जाते; गाण्याआधी कानाची पाळी धरून तो गुरूचे नाव घेतो. मन्रोजवळ शागीर्द नव्हते, आठवड्याच्या पगारावरचे नोकर होते. नोकर उठून गेला आणि समोर दुकान थाटून बसला, तर मालकास तो प्रतिस्पर्धीच दिसणार. वस्तुतः त्या तरुणांनी त्याच्याकडून जे नेले ते शिष्यानेच नेण्याजोगे होते, आणि स्क्रग्जने जे आणून दिले होते ते कोणत्याही नोकरास पगारात मोजून देता येण्यासारखे नव्हते. उभय पक्षी व्यवहाराची भाषा अपुरी पडली. १९५५ साली फ्लॅट व स्क्रग्ज ह्यांस ऑप्रीत घेण्याचे ठरले तेव्हा मन्रोने विरोध केला. तो चालला नाही. एकाच रंगमंचाच्या मागे वर्षानुवर्षे वावरूनही तो त्यांच्याशी बोलत नसे.

ह्याच्या उलट एक प्रसंग ध्यानात घेण्यासारखा आहे. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या अज्ञात तरुणाने मन्रोचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे तीन मात्रांच्या डोलत्या चालीचे गीत मोडून-तोडून चार मात्रांच्या धडाक्याने गायिले. मन्रो संतापला नाही. उलट त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने स्वतः ते गीत फिरून मुद्रित केले, प्रारंभ जुन्या संथ लयीत व उत्तरार्ध नव्या वेगात! घरच्यांविषयी त्याचा जो राग होता तो परक्याविषयी नव्हता. परंतु प्रेस्ली व त्याचे अनुयायी ह्यांनी जी लाट आणिली तिच्यात खेडवळ तंतुवाद्यांची बाजारातील किंमत झपाट्याने उतरली. १९५३ च्या मोटार-अपघातात मन्रोची अनेक हाडे मोडली होती. आता प्राप्तीही आटली. साथीदार टिकेनात. ह्याच काळात त्याच्या वृंदाचे नाव सर्व संगीतप्रकारास पडले. दैवाचा खेळ असा की, ‘ब्लूग्रास’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येई तो स्क्रग्जचा बँजो. १९६३ साली फ्लॅट व स्क्रग्ज ह्यांचे दूरचित्रवाणीच्या एका विनोदी मालिकेचे गीत ग्रामीण गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. जनक मागे पडला आणि अपत्य त्याच्या नावाने मिरवू लागले.

त्यास बाहेर काढले ते त्याच्या गावाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनी. न्यूयॉर्ककडील राल्फ रिन्झलर ह्या लोकसंगीताच्या तरुण अभ्यासकाने मोठ्या प्रयासाने मन्रोस बोलते केले, आणि ह्या संगीताचा जनक कोण हे १९६३ साली एका नियतकालिकातून लेख लिहून लोकांस सांगितले. तोच पुढे त्याचा व्यवस्थापक झाला. विद्यापीठांतील तरुण श्रोते मिळू लागले. त्याच वर्षी बॉस्टनकडील बिल कीथ हा तरुण बँजोवादक वृंदात आला; एका वृंदात दोन ‘बिल’ नकोत म्हणून मन्रोने त्यास ‘ब्रॅड’ म्हणावयास सुरुवात केली. फिडलवरच्या धुना बँजोवर सूर न गाळता वाजविण्याची कीथची रीत मन्रोने मनापासून स्वीकारली. दक्षिणेतील शेतावर न वाढलेला मुलगाही हे संगीत पुढे नेऊ शकतो, हे त्याने ह्या निमित्ताने पाहिले.

सप्टेंबर १९६५ च्या प्रारंभी व्हर्जिनियातील फिनकॅसल गावी कार्ल्टन हॅनी ह्या व्यवस्थापकाने केवळ ब्लूग्राससाठी अनेक दिवसांचा मेळा भरविला. अशा मेळ्यांत हा पहिला. त्यातील मुख्य कार्यक्रम अपूर्व होता: मन्रो रंगमंचावर उभा, आणि त्याच्याकडे पूर्वी नोकरी करून गेलेले जिमी मार्टिन, मॅक वाइजमन, डॉन रिनो प्रभृती वादक-गायक एकामागून एक येऊन आपापल्या काळची गीते त्याच्यासह सादर करीत. पंचवीस वर्षांच्या पगारपत्रकाचे त्या दिवशी वंशवृक्षात रूपांतर झाले, असे आम्हांस वाटते. जे पळून गेले असे त्याला वाटत आले होते ते सारे त्याचेच ठरले. फक्त दोघे आले नव्हते. १९६७ पासून इंडियानातील बीन ब्लॉसम येथे मन्रो स्वतःचा मेळा भरवू लागला. १९६९ साली फ्लॅट व स्क्रग्ज विभक्त झाले, आणि १९७१ च्या मेळ्यास मन्रोने फ्लॅटला बोलाविले. तेवीस वर्षांच्या अबोल्यानंतर दोघांनी सर्वांदेखत हात मिळविले व एकत्र गायिले. फ्लॅट १९७९ साली वारला; म्हणजे समेट फार लवकर झाला असे नव्हे.

मन्रोच्या स्वभावाचे चित्र त्याच्या मँडोलिनावर अक्षरशः कोरलेले होते. लॉइड लोअर ह्या कारागिराची सही असलेले, १९२३ साली गिब्सन कारखान्यात घडविलेले ते वाद्य त्याने चाळिशीच्या दशकात फ्लॉरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरांस विकत घेतले. दुरुस्तीच्या कामावरून पुढे त्याचे कारखान्याशी बिनसले, तेव्हा त्याने चाकूने वाद्यावरील कारखान्याचे नाव खरवडून काढले आणि तसेच ते वर्षानुवर्षे लोकांपुढे वाजविले. १९८० साली तोही रुसवा मिटला. १९८५ साली कोणा अज्ञाताने घरात शिरून लोखंडी सळईने ते वाद्य फोडले. कारखान्याच्या चार्ली डेरिंग्टन नामक कारागिराने शेकडो ढलप्या जुळवून ते पुन्हा उभे केले, आणि मन्रो ते पुन्हा वाजवू लागला.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९७० साली ग्रामीण संगीताच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. १९८८ साली ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे त्याच्या संस्थानाचे अधिकृत ब्लूग्रास-गीत ठरले. १९९५ साली राष्ट्रीय कलापदक मिळाले. ९ सप्टेंबर १९९६ रोजी, पंचाऐंशी वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले असता, तो निवर्तला व रोझीन येथेच त्यास मूठमाती मिळाली. तोवर दीडशेहून अधिक वादक त्याच्या वृंदातून जाऊन आले होते.

ह्या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? जर मन्रोची इच्छा पुरी झाली असती, म्हणजे त्याच्या रीतीने दुसऱ्या कोणी वाजवूच नये हे जगाने मानले असते, तर ती रीत त्याच्या तबकड्यांत बंद होऊन त्याच्याबरोबर संपली असती. ज्यांना त्याने चोर म्हटले त्यांनीच तिचे लोकसंगीत केले. परंतु म्हणून त्याचा राग पोकळ होता असे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. निर्मात्याचे नाव विसरण्याची लोकांस फार घाई असते. मन्रो हट्टी होता, दीर्घायुषी होता, आणि त्याच्या बाजूने लिहिणारे मिळाले, म्हणून त्याचे नाव राहिले. आर्नल्ड शुल्ट्झजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते. मन्रोने वारंवार त्याचे नाव घेतले म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोहोचले. ब्लूग्रास संगीतकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न प्रतिष्ठानाने २०२० साली, ह्या संगीतात वर्णाने वगळल्या गेलेल्यांस वाव मिळावा म्हणून, शुल्ट्झच्या नावे निधी स्थापिला, तोही त्या उच्चाराचाच परिणाम. ज्याने आपल्या नोकरांना आयुष्यभर हिशेब विचारला त्याने आपले स्वतःचे देणे मात्र नावानिशी कबूल केले होते, ही गोष्ट त्याच्या खात्यावर जमेस धरली पाहिजे.